उलटा डोंगा

मुखरू : "सांगता येत नाई" म्हंजे काय वं? एवढं गनित शिकली, चिमूरच्या कॉलेजात पोट्ट्याईले शिकवून राह्यली, नागपूरच्या सरासंगं याच तलावाचा अभ्यास करून राह्यली, अन् बापानं एक सवाल केला तं सांगता येत नाई? तलाव पयल्यासारखा होते का नाई होत, बस एवढं सांग.

स्वाती : सांगितलं ना बाबा. होऊ शकतो. होईलच असं नाही.

मुखरू : हे तं पंचांगवाला बी सांगते. अन् तो निदान गोड बोलून सांगते.

वच्छला : खा पयले दोघंबी. पाळीवर आनून देल्ला भात निवून चालला. सभा दुपारून आहे, तवपर्यंत तलाव काही पळून नाई जात.

मुखरू : पळूनच चालला वं वच्छला! आज मच्छी सोसायटीनं हात वर केले का पाच वर्साले तलाव ठेकेदाराच्या खिशात. मंग आपुन ढिवर नाई, त्याचे मजूर.

वच्छला : अन् आत्ता कोन आहो आपुन? राजे? ढिवराची बाई असून मी बाजारात आंध्राचा बर्फाचा मासा इकून राह्यली. गिऱ्हाईक इचारते, वच्छलाबाई, तुमच्या तलावाची मरळ काऊन नाई आनत? काय सांगू? तलाव आजारी आहे म्हनून सांगू?

स्वाती : तलाव आजारी नाहीये, आई.

वच्छला : नाई कसा? त्याचा रंग पाय. पालकाच्या भाजीचं पानी बरं.

स्वाती : आजारी असता तर बरा झाला असता. गवत खाणारा तो गवत्या मासा काढून टाकला तेव्हाच झाला असता. दुखणं गेलं, पण तलाव तिथंच राहिला. म्हणजे त्याला आता हेच अंगवळणी पडलंय.

मुखरू : हे असं कोड्यात नोको बोलू. सभेत पत्रूभाऊ बसला राह्यते, सोसायटीचा अध्यक्ष. त्याले कोडं घातलं का तो दात कोरत बसते.

स्वाती : बरं. तो डोंगा पाहा.

मुखरू : कोनता? तो उलटा पडला तो? त्याले काय पाह्याचं? दिवाळीपासून काठाशी तसाच आहे.

स्वाती : उलटला कसा?

मुखरू : सुरज अन् मी देवधानाचे, त्या पान्यातल्या गवताचे बुडखे लावाले चाललो होतो मधात. वारा सुटला. सुरज एका अंगानं वाकला, मी बी घाबरून त्याच अंगानं वाकलो. गेला! दोघंबी पान्यात, बुडखे पान्यात. सुरज तिथीच म्हनला, बाबा, बस झालं आता. अन् पंधरवड्यानं गडचांदूरले गेला, सिमेंटच्या ट्रकवर.

स्वाती : आणि थोडासाच वाकला असता तर?

मुखरू : थोडा वाकला तं आपल्या आपन सुलटा होते. डोंग्याची जातच ती. लहानपनी तू काय कमी नाचली का त्याच्यात? कधी पडली?

स्वाती : नाही. मग आता उलटा आहे तर बुडून राहिलाय का?

मुखरू : बुडीन कायले? लाकूड आहे ते. मस्त तरंगून राह्यला. पानकावळे बसतेत त्याच्यावर, घरच्यासारखे.

स्वाती : एका हातानं ढकलला तर?

मुखरू : डोलते जरासा. अन् परत उलटाच्या उलटा.

स्वाती : तेच सांगतेय मी. सुलटा डोंगाही स्थिर, उलटाही स्थिर. मधल्या जागी तो थांबत नाही. एकदा पार पलटला की जेवढ्या वाऱ्यानं पलटला तेवढाच वारा उलट्या बाजूनं आला तरी काही होत नाही. तलावाचं अगदी हेच झालंय बाबा.

मुखरू : म्हंजे तलाव उलटा पडला?

स्वाती : पडला. आणि उलटा पडून सुखानं तरंगतोय.

वच्छला : वा वं बाई! सुखानं! घरोघरच्या चुली पाय जाऊन.

स्वाती : तलावाला चुलीचं काय कळतं आई? त्याला स्वच्छ पाणी चांगलं आणि हिरवं वाईट, असं काही नाही.

मुखरू : चूक आपलीच होती म्हना. चिल्ला जाळ्यात गुंते, देवधान पायात येये, कमळाचे देठ डोंग्याले आडवे. सारे म्हनत, हे गवत साफ झालं पाह्यजे. मंग माह्याच सांगन्यानं गवत्याचं बीज आलं टेम्पोत. आमी त्या टेम्पोले हळद-कुंकू लावलं! नारळ फोडला! माह्या जोडीदारानं, सोमाजीनं डफडं वाजवलं, जित्ता होता तवा.

वच्छला : अन् पयल्या वर्सी काय मासा निघाला, बाप्पा! पोतडीत मावे नाई. मले चांदीची जोडवी केली यायनं. आरशासारखं पानी, एक काडी नाई गवताची. लोक म्हनत, मुखरूच्या घरी लक्ष्मी पान्यातून आली.

मुखरू : दुसऱ्या पावसाळ्यात गढूळ झालं. म्हनलं, बसन खाली गाळ. नाई बसला. मंग हिरवं झालं. मरळ गेली, दाडक गेला, झिंगा गेला. बदकं यायची थंडीत, थे बी गेले. तवा समजलं का जे गवत आमी कचरा म्हनून खावाले घातलं, त्याच्याच भरोशावर हे सारं बसलं होतं.

स्वाती : गवताची मुळं गाळ धरून ठेवत होती. मुळं गेली, गाळ सुटला. गाळ वर आला म्हणून ऊन तळाशी जात नाही. ऊन नाही म्हणून गवत उगवत नाही. आणि गवत नाही म्हणून गाळ बसत नाही.

मुखरू : घान्याचा बैल.

स्वाती : हो. तुम्ही काठाकाठानं बुडखे लावता ना, ते म्हणजे एका हातानं डोंगा ढकलणं. डोलतो, आणि परत उलटा.

मुखरू : ह्या वर्सीचेबी सडले. सकाळी पाह्यलं. उपटून वास घेतला. काळेठिक्कर.

वच्छला : तरी रोज जातेत पान्यात. गुडघे पाह्य बापाचे, डांब झाले. मी म्हनून म्हनून थकली. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय!

स्वाती : बाबा, उलटलेला डोंगा सुलटा कसा करायचे तुम्ही?

मुखरू : तीन मानसं लागतेत. एक पान्यात घुसून खालून खांदा देते, दोघं पल्याडून वढतेत. पन एकाच दमात हां! एक मागं राह्यला तं ज्यानं खांदा दिला त्याच्याच डोक्यावर येते. सोमाजी खांदा द्याचा, मी अन् सुरज वढत होतो.

स्वाती : तलावालाही तसंच आहे. सगळं एकाच उन्हाळ्यात, एकाच दमात. तुडूम उघडून सारं पाणी सोडायचं, तलाव पार रिकामा करायचा. तळ उकरणारे मासे एकूण एक काढायचे. गाळ तडकेस्तोवर उन्हात पडू द्यायचा. आणि पाऊस यायच्या आधी त्याच तळात देवधान, चिल्ला लावून टाकायचं. अर्धं करून चालत नाही.

वच्छला : तलाव सुकवाचा? अन् उन्हाळी धानाले पानी? पाटकऱ्याईनं ऐकलं तं तुडुमावर लाठ्या घेऊन बसतीन.

मुखरू : त्याईचं मी पाहून घेईन. जुने लोक आहेत त्याईच्यात, त्याईनं बी खाल्ली आहे मरळ या तलावाची. माही पंचाईत सोसायटीची आहे. एक वर्स मासा नाई म्हनलं का लोक इचारतीन, मुखरू, पुढं काय भेटीन? आनि मी म्हनाचं, होऊ शकते, नाई बी होऊ शकत? याच्यावर कोन उपाशी राह्यते?

स्वाती : खरं तेच आहे पण. मी किती वेगवेगळ्या तऱ्हेनं मांडून पाहिलं. कधी डोंगा सुलटा होतो. जास्त वेळा अर्ध्यात येऊन परत पडतो.

मुखरू : कधी तं होते ना?

स्वाती : कधी तरी.

मुखरू : मंग तू सभेत म्हन, पक्कं होते.

स्वाती : बाबा!

मुखरू : एकच शब्द. पक्कं. तुह्यावर गावाचा इस्वास आहे. माह्यावर नाई, मी गवत्यावाला. तू म्हनली का हात वर होतीन. एकदा हात वर झाले, तुडूम उघडलं, मंग पुढचं गंगामाय पाह्यते.

स्वाती : आणि नाही झालं तर? एक वर्ष लोकांच्या घरात काही नाही, आणि तलाव परत हिरवा. मला तोंड दाखवता येईल का?

मुखरू : अन् ठेकेदार आला तं मले दाखवता येईन?

वच्छला : ठेकेदाराच्या नावानं एवढं कायले बोंबलता जी? तो म्हनला आहे, चौकीदार गावचाच ठेवीन. मी बोलून ठेवलं सुरजसाठी. पोरगा घरी तं येईन! तिकडे सिमेंटच्या धुळीत खोकून राह्यला. फोनवर बोलते तं अर्धा वेळ खोकलाच आयकू येते.

मुखरू : ढिवराचा पोरगा तलावावर चौकीदार? कोनापासून राखीन? आपल्यापासून?

वच्छला : कोनापासूनबी राखो! रात्री माह्या हातचं जेवीन. मले तलाव नाई पाह्यजे, मले पोरगा पाह्यजे. तुमाले समजत काऊन नाई?

मुखरू : वच्छला, तूच सांग हिले, ह्या वर्सी पयल्या वढीले काय झालं.

वच्छला : कायले सांगाचं? मेलं ते.

स्वाती : काय झालं?

वच्छला : पोळ्यानंतर पयलं जाळं वढतेत, पयला मासा गंगामायले परत सोडतेत. माहीत आहे तुले. जित्ता. हळद लावून. तं ह्या वर्सी जाळ्यात आलं काय? गाळ अन् एक चप्पल. सारे उभे. बाया हळद घेऊन उभ्या. मंग पत्रूभाऊ मले म्हनला, तुह्या टोपल्यात आहे का एखादा?

स्वाती : बर्फाचा?

वच्छला : बर्फाचाच. काय कराचं? हळद लावली अन् सोडला. तो बुडला नाई वं. तरंगत राह्यला. काठाकाठानं फिरे. पोटाकून वर.

मुखरू : धुरपता मावशी तिथीच रडली. म्हने, मुखरू, गंगामायच्या दारात आपन मढं आनून टाकलं. तवापासून मले झोप नाई, स्वाती. म्हनून म्हनतो, एक शब्द. बापानं तुले कधी काही मांगलं?

स्वाती : नाही मागितलं.

मुखरू : आज मांगून राह्यलो.

वच्छला : पोरीले खोटं बोलाले नोका लावू. तिचं तेवढं एक चांगलं आहे, खोटं नाई बोलत. लगन नाई झालं त्याच्यानंच.

स्वाती : आई, जेवू दे आता. भात निवला.

[त्याच पाळीवर, सभा उरकल्यावर. दिवस बुडतो आहे.]

वच्छला : इथी बसली होय? मी सारं गाव पालथं घातलं. पानी पे. तोंड पाय कसं सुकलं.

स्वाती : बाबा कुठे आहेत?

वच्छला : येऊन राह्यले मागून. काय झालं ते मले कोनी धड सांगत नाई. मी भाईरच्या बायाईत बसली होती. टाळ्या आयकू आल्या. मले वाटलं, जितले हे.

स्वाती : टाळ्या माझ्यासाठीच होत्या.

वच्छला : म्हंजे म्हनली तू?

स्वाती : म्हटलं. पत्रूभाऊंनी विचारलं, बाई, तलाव सुकवला तं पयल्यासारखा होईन का? मी म्हटलं, होईल. म्हणाले, पक्कं? मी म्हटलं, पक्कं. गंगामायची आण? मी ती पण घेतली, आई. सगळ्यांसमोर. धुरपता मावशी उठून माझ्या तोंडावरून हात फिरवून गेली.

वच्छला : मंग?

स्वाती : मग सगळे खुश झाले. खूप दिवसांनी हसले गं सारे. आणि पत्रूभाऊ उभे राहिले. म्हणाले, चला, जीवावरचं वझं उतरलं. तलाव कवाबी सुकवला तं पक्का परत येते, मंग घाई कायची? पाच वर्सं ठेकेदाराले खाऊ द्या, लोकाईच्या हाताले काम भेटू द्या. पाच वर्सानं तुडूम उघडू. तलाव कुठी जाते?

वच्छला : अगं माय!

स्वाती : सगळ्यांना पटलं. पटणारच ना. मी त्यांच्या जागी असती तं मले बी पटलं असतं.

वच्छला : तू बोलली नाई मंग? थांबवलं नाई?

स्वाती : बोलली ना! म्हटलं, पाच वर्षं थांबलं तर तळातलं बी मरून जाईल. आत्ता गाळात थोडं तरी जिवंत आहे. नंतर काही केल्या येणार नाही. तं पत्रूभाऊ म्हनले, बाई, आत्ता तं पक्कं म्हनली, गंगामायची आन घेतली. आता अर्ध्या घंट्यात फिरते का गनित? सारे हसले. चांगल्या मनानं हसले, आई. कोनी वाईट नाई बोललं मले.

मुखरू : नोको रडू वं. नोको.

स्वाती : तुमी आयकून राह्यले होते?

मुखरू : आयकून राह्यलो. खोटं तू नाई बोलली. मीच बोललो, तुह्या तोंडानं. मी सांगून आलो तसं पत्रूले.

स्वाती : मग?

मुखरू : मंग काय! तो म्हनला, मुखरूभाऊ, आता तू हरला म्हनून पोरीले खोटी पाडून राह्यला. जा, घरी जा, आराम कर.

स्वाती : खरं बोलली असती तर...

मुखरू : खरं बोलली असती तं म्हनले असते, भरोसा नाई मंग कायले सुकवाचा, देऊन टाका ठेकेदाराले. खोटं बोलली तं म्हनले, भरोसा आहे मंग घाई कायची, देऊन टाका ठेकेदाराले. तूच म्हनली होती ना सकाळी? कुठूनबी ढकला, परत तिथीच.

वच्छला : तुमाले समजलं हे. मले आत्ता समजून राह्यलं.

मुखरू : तुह्या तं मनासारखं झालं वं. सुरजले फोन केला का? चौकीदार म्हनून?

वच्छला : दुपारीच केला, सभेच्या पयले.

मुखरू : काय म्हनते?

वच्छला : पानी प्या तुमी पयले.

मुखरू : सांग ना.

वच्छला : म्हनते, आई, आता तलाव सुलटा झाला तरी मी नाई येत. इथी खोली घेतली. ट्रकवाल्या मालकानं पगार वाढवला. म्हने, सवय झाली.

स्वाती : खोकत होता?

वच्छला : हो. पन हसून बोलला. सुखातच आहे म्हने.

मुखरू : असन. उठा आता दोघीबी. लुगडं खोच वच्छला. स्वाती, तू बी ये पान्यात, मोबाईल ठेव त्या गोट्यावर.

स्वाती : आत्ता? कशाला?

मुखरू : तीन मानसं लागतेत म्हनलं ना. मी खांदा देतो. तुमी दोघी पल्याडून वढा. एकाच दमात.

वच्छला : तुमचे गुडघे, जी! अन् मले काय जमते हे?

मुखरू : जमते. ढिवराची आहेस. हं, धरा ती कड. घट्ट. गाळात पाय रोवा. मी हो म्हनलं का वढाचं. हो!

वच्छला : आई गंऽऽ

मुखरू : सोडू नोका! सोडू नोका! अजून! स्वाती, अंगावर घे! हां... हां... झालं. झालं वं. झाला सुलटा.

स्वाती : झाला!

वच्छला : बाप्पा! छाती फुटली माही. पन झाला ना! पाय कसा डोलते, पयल्यासारखा.

स्वाती : बाबा, झाला की! उद्या मधात जाऊ. उरलेले बुडखे मी लावून पाहते, खोल पाण्यात, जिथं गाळ कमी...

मुखरू : त्यातलं पानी उपस पयले.

वच्छला : आता अंधारात कुठी नेता जी हा डोंगा?

मुखरू : कुठी नाई. ठेकेदाराचा मानूस सांगून गेला, उजाडाच्या आत सारे डोंगे काठावर काढून टाका म्हने. उलटा वढाले लय जड जाते.